हॅम्लेट (नॉर्थ कॅरोलायना)

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील, दक्षिण सीमेजवळच्या रिचमंड काउंटीतले रेल्वेचे लहान गाव. इंग्लंडहून आलेल्या जॉन शॉर्ट्रिज यांनी ते 1870 च्या दशकात वसवले. इंग्रजीत हॅम्लेट म्हणजे वाडी; शेक्सपिअरच्या नाटकातल्या राजपुत्राशी नावाचा संबंध नाही. विल्मिंग्टनहून पश्चिमेला जाणारा लोहमार्ग आधीपासून होता. 1877 मध्ये रॅलेहून दक्षिणेला येणारा मार्ग त्याला येऊन भिडला आणि वाडीचे जंक्शन झाले. 1900 मध्ये या मार्गांच्या कंपन्यांसह अनेक लहान कंपन्या मिळून सीबोर्ड एअर लाइन रेल्वे बनली. यातल्या ‘एअर लाइन’चा विमानांशी काही संबंध नाही, त्या काळी सरळ रेषेतल्या मार्गाला तसे म्हणत.

त्याच वर्षी बांधलेले लाकडी स्थानक ही गावाची ओळख. शैली क्वीन ॲन, म्हणजे व्हिक्टोरियन काळातली मुद्दाम असमतोल ठेवलेली, बुरूज व गोलाव्यांची हौस असलेली रचना. इथे मात्र गोलावा निव्वळ हौसेचा नाही. इमारत इंग्रजी ‘एल’ आकाराची. एकेक बाजू एकेका मार्गाला समांतर आणि गोल कोपरा थेट रुळांच्या छेदाकडे. त्यामुळे दोन्ही मार्गांच्या गाड्यांना एकच स्थानक पुरे. भिंतीतून निघालेल्या तिरक्या आधारांवर पेललेले रुंद छत प्रवाशांना ऊन-पावसातून वाचवते. राज्याने 1899 मध्ये रेल्वेत वर्णानुसार वेगळ्या जागांचा कायदा केला होता. स्थानकातली प्रतीक्षालयेही गोऱ्यांची आणि कृष्णवर्णीयांची वेगळी होती. देखणेपणाच्या वर्णनात हे सहसा गळते.

या भागातल्या जुन्या लाकडी घरांची दुखणी ठरलेली. घर विटांच्या खांबांवर उचललेले असते, ते खालून वारा खेळावा म्हणून. पुढे कोणी ती पोकळी बंद केली की ओल साचते, तुळया कुजतात, वाळवी लागते. भिंतींवर प्लॅस्टिकचे पत्रे ठोकले तर कूज दिसत नाही, एवढेच. 1978 पूर्वीच्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासू नये.

1950 च्या दशकात इथे हंप यार्ड झाले: मालडबे ढकलत टेकाडावर न्यायचे, माथ्यावर डब्यांना जोडणारे कपलिंग सोडायचे आणि उतारावरून हव्या त्या रुळावर घरंगळू द्यायचे. 1967 मध्ये सीबोर्ड दुसऱ्या रेल्वे कंपनीत विलीन झाली. आज हे यार्ड सीएसएक्स या रेल्वे कंपनीकडे आहे. स्थानक 1971 मध्ये राष्ट्रीय वारसा नोंदवहीत आले. 2003 मध्ये अख्खी इमारत उचलून रुळांपलीकडे नेली, मग दुरुस्त केली. ती वाचली, पण ज्या कोनासाठी तिचा आकार ठरला होता तो सुटला.

जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांचा जन्म 1926 मध्ये इथलाच.