काट्याभोवतीची सावड

माझ्या काकांच्या तळहातात तीन वर्षं एक गाठ होती. आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. मे महिन्यात करवंदं काढताना जाळीतला काटा रुतला, आजीनं सुईनं काढला, वरून हळद दाबली आणि सगळे विसरले. टोक मात्र आत मोडून राहिलं होतं. दुखणं थांबलं, पण वाटाण्याएवढी टणक गाठ तिथंच बसली. कोयता धरला की ठणकायची. शेवटी बेळगावात ती कापून काढली. कर्करोग नाही एवढं कळल्यावर घरच्यांनी अहवालाची घडी करून ठेवली. मी शाळेत जीवशास्त्र शिकवतो, मला राहवेना. ओळखीच्या डॉक्टरांना विचारून त्या गाठीच्या कापाची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आलो.

डॉक्टरांनी ध्रुवित प्रकाश लावला तसा काट्याचा तुकडा लख्ख चमकला. वनस्पतीतलं सेल्युलोज असंच चमकतं. त्याला बिलगून काही अवाढव्य पेशी बसल्या होत्या. साधारणपणे एका पेशीत एक केंद्रक. इथं एकीत मी जांभळी केंद्रकं मोजत तीसपर्यंत गेलो आणि नाद सोडला.

"काटा इवलासा, मग गाठ एवढी कशी रे?" काकांनी विचारलं. उत्तर त्या पेशींत आहे.

रक्तातल्या मोनोसाइट पेशी ऊतींत शिरल्या की मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी होतात. जंतू, मेलेल्या पेशी, जुन्या तांबड्या पेशी गिळून पचवणं हे त्यांचं रोजचं काम. पण एका भक्षक पेशीची रुंदी साधारण २० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. मिलिमीटरभर काटा तिनं गिळायचा कसा? गिळता येत नाही आणि सोडूनही देता येत नाही. तेव्हा या पेशी एकमेकींत विलीन होतात.

आमच्याकडं भाताची लावणी सावडीनं व्हायची. आज तुझ्या शेतात सगळे, उद्या माझ्या. पेशींचं पाहताना मला तेच आठवलं, पण एक फरक आहे. सावडीला आलेला माणूस संध्याकाळी आपल्या घरी जातो. इथं घरांच्या मधल्या भिंतीच पडतात आणि सगळ्यांचा मिळून एक वाडा होतो. त्या तीस केंद्रकांमागं एकेकाळी वेगवेगळ्या असलेल्या पेशी होत्या.

भिंत पाडणं सोपं नाही. दोन पेशींची स्निग्ध आवरणं जवळ आली तरी आपोआप जुळत नाहीत, नाहीतर आपलं सगळं शरीर एकच गोळा झालं असतं. इंटरल्यूकिन-४ सारखा रासायनिक निरोप यावा लागतो आणि पेशीवर ठरावीक प्रथिनं असावी लागतात. त्यांतलं एक डीसी-स्टॅम्प. २००५ साली जपानी संशोधकांनी हे प्रथिन नसलेले उंदीर तयार केले, तर त्यांच्या भक्षक पेशी जवळ येऊनही एकजीव होईनात.

एकजीव झालेली महापेशी काट्याला पसरून चिकटते, कडा घट्ट दाबून धरते आणि मधल्या फटीत आम्ल व विकरं सोडते. घास तोंडात मावत नाही, म्हणून तो बाहेरच पचवायचा. पेसमेकरच्या तारांवरच्या पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकच्या आवरणाला तडे जाण्यात या पेशींचा हात असल्याचं आढळलं आहे.

क्षयरोगाच्या गाठींतही महापेशी असतात. केंद्रकं कडेनं घोड्याच्या नालासारखी मांडलेली. थिओडोर लँगहान्स यांनी १८६८ मध्ये त्यांचं वर्णन केलं, क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांना सापडण्याच्या १४ वर्षं आधी. (त्याच वर्षी त्वचेतल्या वेगळ्याच पेशी दाखवणारे लँगरहान्स हे निराळे. मुलं परीक्षेत हमखास घोळ घालतात.) बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत वाळूची धूळ खाणाऱ्या कामगारांची मला इथं काळजी वाटते. वाळूतल्या सिलिकाचे कण गिळणाऱ्या भक्षक पेशीच दुबळ्या होतात, आणि मग क्षयाचा धोका वाढतो.

पण हीच युक्ती शरीर आजार नसतानाही रोज वापरतं, ते हाडांत. ऑस्टिओक्लास्ट ही त्याच कुळातल्या पेशी मिळून झालेली महापेशी. ती हाडाला चिकटून आम्लानं खनिज विरघळवते, कॅथेप्सिन-के या विकरानं हाडातलं कोलॅजन हे प्रथिन कापते आणि खड्डा पाडते. मग दुसऱ्या पेशी तिथं नवं हाड भरतात. प्रौढ माणसाचा साधारण दहावा हिस्सा सांगाडा असा दरवर्षी नवा होतो. डीसी-स्टॅम्प नसलेल्या वरच्या उंदरांत ऑस्टिओक्लास्टही एकजीव झाले नाहीत, त्यामुळं त्यांची हाडं नेहमीपेक्षा भरीव झाली.

माझी सावडीची उपमा मी वर्गात अपुरी म्हणूनच सांगत असे. २०२१ साली सिडनीतल्या संशोधकांनी जिवंत उंदरांच्या हाडांत डोकावून पाहिलं. काम झाल्यावर ऑस्टिओक्लास्ट मरून जातात अशी समजूत होती. पण त्यांतले कितीतरी फुटून लहान पेशी झाले, इकडंतिकडं गेले आणि पुन्हा दुसऱ्यांशी जुळले. या पेशींना त्यांनी ऑस्टिओमॉर्फ नाव दिलं. सावडीतली माणसं घरी जातात, तशीच.

माझ्या आईला ठिसूळ हाडांसाठी दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचं इंजेक्शन असतं. पेशी एकत्र आणणारा आरएएनकेएल हा निरोप ते अडवतं. ते मधेच सोडलं तर हाड झपाट्यानं झिजतं, मणकेही मोडू शकतात. अडून बसलेल्या ऑस्टिओमॉर्फ पेशी एकदम जुळत असाव्यात, असं त्याच संशोधकांनी सुचवलं. तेव्हापासून आईच्या इंजेक्शनची तारीख मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल शाईनं लिहून ठेवतो.