हवापालट: समुद्रकाठी ठेवलेल्या आजारी मुलांचा इतिहास

माझ्या आजीच्या मानेवर, डाव्या कानाच्या जरा खाली, आत ओढल्यासारखा एक व्रण होता. लहानपणी गंडमाळा, म्हणजे मानेत सुजलेल्या गाठी, झाल्या, त्या फुटल्या आणि मग ठाण्याहून तिला डहाणूला नातेवाईकांकडे हवापालटाला पाठवलं, चांगले चार महिने. आम्ही चेंदणीकडचे, खाडी अगदी दारात, पण खाडीची हवा वेगळी आणि समुद्राची वेगळी असं तेव्हा घरातली सगळी मोठी माणसं म्हणायची. तिला काय आठवायचं तर सकाळचं ऊन, पायाखालची गार वाळू आणि नाक दाबून प्यायलेलं माशाचं तेल. समुद्राने मूल बरं होतं हे लोकांच्या डोक्यात आलं कुठून, ते शोधत गेले तर गोष्ट पार इंग्लंड-फ्रान्सपर्यंत पोचली.

इंग्लंडमधल्या मार्गेट गावात १७९१ साली गरीब गंडमाळा रुग्णांसाठी समुद्रस्नानाचं हॉस्पिटल काढायचं ठरलं, पुढाकार डॉ. जॉन लेटसम यांचा, आणि १७९६ ला ते सुरू झालं. श्रीमंत लोक समुद्रावर जाऊन तब्येत सुधारून येतात, मग गरिबांनी का नाही, इतका साधा विचार. रुग्णांना उघड्या व्हरांड्यात झोपवायचे. पुढे इटलीत फ्लॉरेन्सचे डॉक्टर ज्युसेप्पे बारेल्लाई यांनी १८५६ पासून गरीब मुलं व्हियारेज्जोच्या किनाऱ्यावर पाठवायला सुरुवात केली आणि मग तिथे अशी घरं एकामागून एक उभी राहिली.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती फ्रान्समधल्या बेर्कची गोष्ट. तिथे मारियान नावाची एक विधवा बाई होती, गावात तिला ‘एकटी मारियान’च म्हणायचे. पॅरिसच्या अनाथ मुलांपैकी जी गंडमाळांनी आजारी असायची ती डॉ. पेरोशो तिच्याकडे ठेवायचे, आणि ती त्यांना समुद्रावर नेऊन जखमा खाऱ्या पाण्याने धुवायची. पोरं सुधारायला लागली हे डॉक्टरांच्या लक्षात आलं आणि त्यांनी वर पाठपुरावा केला. १८६१ ला तिथे छोटं लाकडी हॉस्पिटल झालं आणि १८६९ ला थेट वाळूवर मोठं, त्याच्या उद्घाटनाला सम्राज्ञी युजेनी स्वतः आली होती. एवढं सगळं एका बाईच्या रोजच्या कामातून उभं राहिलं, हे मला फार मोठं वाटतं.

आता यात समुद्राचा वाटा किती? गंडमाळा म्हणजे बहुतेक वेळा मानेच्या गाठींचा क्षय, आणि क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ मधे दाखवला, म्हणजे तोवर नेमकं कशाशी लढतोय हेच कुणाला माहीत नव्हतं. मुलं कोंदट खोल्यांतून बाहेर आली, पोटभर जेवली, झोपली, उन्हात बसली. मुडदूस, म्हणजे हाडं मऊ पडायचा आजार, झालेल्या मुलाची हाडं उन्हाने सुधारतात हे तर नंतर सिद्धच झालं, ते ड जीवनसत्त्वामुळे. आणि दूध! मुलांच्या गाठींचा आणि हाडांचा क्षय पुष्कळदा आजारी गाईच्या न तापवलेल्या दुधातून यायचा. आजीच्या घरी तर धारोष्ण दूध म्हणजे अमृत, ग्लास तोंडाला लावायचा तो गोठ्यातच.

बरं, हे सगळं काही सहलीसारखं नव्हतं. हाडाच्या क्षयाला औषधच नव्हतं, म्हणून इलाज एकच, हलायचं नाही. बेर्कला पाठीचे मणके किंवा खुबा गेलेले रुग्ण प्लास्टरमधे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं आडवे असायचे, त्यांना झोपलेल्या अवस्थेतच लांबट गाड्यांमधून किनाऱ्यावर फिरवायचे. त्यांत सहा-सात वर्षांची मुलं, आईबाप लांब पॅरिसला, येण्याजाण्याचे पैसे कुठून आणणार. आजीला चार महिन्यांत तिची आई एकदाच भेटायला आली होती, आणि ते सांगताना सत्तरीतही तिचा आवाज बदलायचा.

१९४३ मधे क्षयावरचं औषध स्ट्रेप्टोमायसिन सापडलं आणि चित्र पालटलं. सॅनेटोरियमच्या, म्हणजे क्षयाच्या रुग्णांना हवेशीर जागी ठेवायच्या आरोग्यधामांच्या, खाटेवर मोठा घाव मात्र आपल्याकडूनच बसला. मद्रासला १९५६ मधे सुरू झालेल्या अभ्यासात फुप्फुसाच्या क्षयाचे काही रुग्ण सॅनेटोरियममधे ठेवले, काहींना घरीच औषधं दिली, आणि १९५९ ला निकाल आला की गर्दीच्या घरात, साधं खाऊन राहिलेले लोकही जवळपास तितकेच बरे झाले. घरच्यांना लागणही त्यामुळे जास्त झाली नाही. यानंतर जगभर क्षयाच्या रुग्णांना घरी ठेवूनच उपचार करायची पद्धत रुजली.

सॅनेटोरियम हा शब्द मात्र आपल्याकडे उरला, माथेरान-देवळालीला समाजाच्या स्वस्त खोल्यांना अजून तेच म्हणतात, तिथे आजारी कुणी नसलं तरी. आणि बेर्कचं ते हॉस्पिटल वाळूवर अजून उभं आहे, आता तिथे अपघातात जखमी झालेले आणि लकवा झालेले लोक परत चालायला शिकतात.