स्पीकर वॅट देत नाही, सोसतो: मॅक्स आणि आरएमएसचा घोळ

"स्टिरिओ ५० वॅटचा आहे, त्यावर ३५० वॅटचे स्पीकर चालतील ना?" गाडीच्या बेस मॉडेलच्या दारातले कंपनीचे कागदी कोनाचे स्पीकर काढून नवे टाकायला निघालेला जवळजवळ प्रत्येकजण हे विचारतो. दुकानदारही "चालतील की, दणकून वाजतील" म्हणून मोकळा होतो. या प्रश्नातले दोन्ही आकडे खोक्यावरचे, म्हणजे मॅक्स. आणि दोन्हींच्या पुढे वॅट लिहिलं असलं तरी ते एकाच गोष्टीचं माप नाही.

मॅक्स म्हणजे क्षणभर निभावणारा आकडा, आरएमएस म्हणजे सतत चालणारा. जुन्या टेपरेकॉर्डरवरचं पीएमपीओ, म्हणजे फुगवून लिहिलेले वॅट, आठवत असेल तर मॅक्सची जातकुळी वेगळी सांगायला नको. एवढं बहुतेकांना माहीत असतं. पुढचं मात्र नसतं.

स्टिरिओचा किंवा अँपचा (अँप्लिफायरचा) वॅट म्हणजे तो किती ताकद देतो. स्पीकरचा वॅट म्हणजे त्याची कॉइल (आतलं तारेचं वेटोळं) न जळता किती ताकद सोसते. स्पीकर स्वतः एक वॅटही तयार करत नाही. म्हणून ३५० वॅटचा स्पीकर १५० वॅटच्या स्पीकरपेक्षा मोठ्याने वाजतो हा समज मुळातच चुकीचा. स्टिरिओ तोच ठेवून जाड कॉइलचा, जड कोनचा स्पीकर बसवला तर आवाज कंपनीच्या स्पीकरपेक्षा कमी येऊ शकतो, आणि मग "ब्रँड फालतू निघाला" म्हणून बोंब होते.

आता स्टिरिओवरचं '५० वॅट × ४' बघू. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. स्टिरिओत व्होल्टेज वाढवणारी वेगळी सोय नसते. त्यामुळे ४ ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकरच्या विद्युत रोधाचं माप) स्पीकरवर शुद्ध लहर जास्तीत जास्त १४.४ × १४.४ भागिले ८ (लहर सतत टोकाला नसते म्हणून ४ ची दुप्पट), म्हणजे २६ वॅटची निघू शकते. आतले नुकसान वजा जाता हाती १८ ते २२ उरतात. मग पन्नास आले कुठून? त्याच व्होल्टेजला लहरीचं डोकं सपाट कापलं की भागाकार ८ ऐवजी ४ ने होतो आणि उत्तर येतं ५२. म्हणजे खोक्यावरचा आकडा पूर्ण फाटलेल्या आवाजाचा आहे. पटत नसेल तर स्टिरिओच्या मागचा फ्यूज बघा. तो १० अँपिअरचा असेल तर आतच १४४ वॅट जातात, बाहेर २०० सतत कसे येतील? खरा आकडा मॅन्युअलच्या शेवटच्या पानांवर बारीक अक्षरांत सापडतो.

ट्वीटर, म्हणजे बारीक आवाज काढणारे छोटे स्पीकर, जळतात ते याच कापलेल्या लहरीने. २० वॅटच्या स्टिरिओने ६० वॅट आरएमएसचा स्पीकर जळणार नाही असं वाटतं, पण ते ६० वॅट अख्ख्या स्पीकरचे असतात, त्यातल्या ट्वीटरच्या वाट्याला मोजकेच. आवाज पूर्ण वाढवून वर बेस बूस्ट (खर्जाचा आवाज वाढवणारी सोय) लावला की लहर कापली जाते, सरासरी ताकद वाढते आणि जादाच्या वरच्या कंपनसंख्या थेट ट्वीटरवर जातात. बूस्ट ६ डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) असेल तर त्या पट्ट्यात चौपट ताकद मागितली जाते, आणि ती स्टिरिओकडे नसतेच. म्हणून बूस्ट बंद ठेवा आणि व्हॉल्यूम पाऊण भागापर्यंतच न्या.

अँप न घेता फक्त स्पीकर बदलायचे असतील तर खोक्यावर वॅट शोधूच नका, सेन्सिटिव्हिटी शोधा, म्हणजे ठरावीक ताकदीवर स्पीकर किती मोठ्याने वाजतो तो आकडा. ३ डीबीचा फरक म्हणजे दुप्पट ताकद: ९२ डीबीचा स्पीकर २० वॅटवर जेवढा वाजतो, तेवढं वाजायला ८९ डीबीच्या स्पीकरला ४० वॅट लागतात. इथेही एक चलाखी असते. आकड्यापुढे '१ वॅट' लिहिलंय की '२.८३ व्होल्ट' हे वाचा. ४ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट, तेव्हा त्या आकड्यातून ३ वजा करूनच तुलना करा.

कोअ‍ॅक्शियल की कंपोनंट (ट्वीटर स्पीकरमध्येच की वेगळा) यावर रात्ररात्र वाद घालण्यात अर्थ नाही. पुढच्या दारात पैसे घाला, मागचे कंपनीचेच राहू द्या. स्पीकरखाली भक्कम स्पेसर (त्याला उचलून धरणारी कडी), दाराच्या पत्र्यावर त्याची थरथर थांबवणारी ब्यूटाइल शीट आणि वायर न कापता बसणारा कपलर, एवढ्यावर खर्च केलात तर महागड्या स्पीकरपेक्षा जास्त फरक ऐकू येतो. स्पेसर घेण्याआधी काच पूर्ण खाली करून मॅग्नेटला लागत नाही ना ते तपासा. बेस अचानक गायब वाटला तर एका बाजूच्या वायरी उलट्या जोडल्या गेल्यात: पेन्सिल सेल क्षणभर लावा, प्लसला प्लस असेल तर कोन बाहेर येतो.

अँप घ्यायचाच असेल तर तो आरएमएसवरच घ्या, आणि तो आकडा १४.४ व्होल्ट, ४ ओहम, १ टक्का डिस्टॉर्शनला (आवाज फाटण्याच्या प्रमाणाला) दिलेला असावा. स्पीकर ६० आरएमएसचे असतील तर ५० × ४ चा अँप पुरेसा. क्लास एबीचा (अँपच्या रचनेचा एक प्रकार) असा अँप पूर्ण ताकदीला २५-३० अँपिअर ओढतो. त्याला ३० अँपिअरचा फ्यूज, तोही बॅटरीपासून दीड फुटाच्या आत, आणि ८ गेजची तांब्याची वायर लागते.

आणि हो, वायरिंग किटच्या पाकिटावरही '१५०० वॅट' छापलेलं असतं. वायरीला कसले वॅट? तिचं टोक ब्लेडने खरवडा. तांबूस थराखाली पांढरं निघालं तर ते ॲल्युमिनियम आहे. परत करा.