चिनाबला तोटी नाही

‘सिंधू जलकरार मोडा, पाकिस्तानचं पाणी एका दिवसात बंद’ हा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षं फिरतोय. पहलगाम हल्ल्यानंतर, एप्रिल 2025 मध्ये भारताने करार स्थगित केला आणि या संदेशाला नवं बळ मिळालं. संताप समजण्यासारखाच आहे, पण नदी कागदावर वाहत नाही.

1960 च्या करारात रावी, बियास, सतलज भारताकडे आल्या. सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः पाकिस्तानकडे गेल्या. या तीन नद्यांवरचे आपले बहुतेक प्रकल्प वाहत्या पाण्यावर वीज करणारे आहेत, मोठा साठा करणारे नाहीत. चिनाबवरचं बगलिहार धरण घ्या. उन्हाळ्यात बर्फ वितळून नदी फुगते, तेव्हा त्याचा वापरता येणारा साठा काही तासांत भरेल. मग पाणी सोडावंच लागतं. त्याच्या खालच्या सलाल धरणाची अवस्था तर आणखी बिकट: गाळ बाहेर सोडणारी तळाची सहा दारं पाकिस्तानशी झालेल्या समझोत्यानुसार काँक्रीटने बुजवली आणि जलाशय गाळाने भरत गेला.

‘1948 मध्ये पाणी तोडलं होतंच की!’ हो, पण ते रावी-सतलजवरच्या माधोपूर आणि फिरोजपूर इथून, आयत्या कालव्यांच्या दारांतून. चिनाबचं पाणी वळवायला डोंगरातून लांब बोगदे हवेत, म्हणजे कित्येक वर्षांचं काम.

आज हातात आहे ते वेळेचं नियंत्रण. हिवाळ्यात प्रवाह रोडावलेला असताना थोडं पाणी अडवलं, तरी पाकिस्तानच्या पंजाबात गव्हाच्या पाण्याची पाळी चुकू शकते. शिवाय भारताकडून पुराची आकडेवारी वेळेत पोचली नाही, तर तिथल्या नदीकाठच्या माणसांना आवराआवरीला वेळ मिळत नाही.