परवानामुक्त मासेमारीचे दिवस (ऑन्टारियो)

कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात वर्षातून चार वेळा परवान्याशिवाय मासे गरवण्याची मुभा असते: फेब्रुवारीत फॅमिली डे या सोमवारच्या सुट्टीला जोडून येणारे शनिवार ते सोमवार, मे महिन्यात मातृदिनाचा आणि जूनमध्ये पितृदिनाचा शनिवार-रविवार, आणि 1 जुलैच्या कॅनडा दिनाच्या आसपासचा ‘फॅमिली फिशिंग वीक’. एरवी 18 ते 64 वयाच्या रहिवाशांना परवाना लागतो; त्याहून लहान-मोठ्यांना तो कधीच लागत नाही. म्हणजे ही सवलत खरी आईबाबांसाठी आहे. मूल एरवीही गळ टाकू शकते. त्याच्या शेजारी बसून आईला स्वतःचा गळ टाकायचा असेल तर हे दिवस कामी येतात. परवान्यांचे पैसे प्रांताच्या मासे व वन्यजीव व्यवस्थापनासाठी राखलेल्या खात्यात जातात. नवी माणसे पाण्याकडे वळावीत म्हणून सरकार एवढ्या दिवसांचे उत्पन्न सोडते.

सवलत कॅनडाच्या रहिवाशांपुरतीच आहे. नाव आणि जन्मतारीख असलेले सरकारी ओळखपत्र जवळ ठेवावे लागते. टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टन-मिसिसॉगातल्या मराठी घरांत उन्हाळ्यात भारतातून आजी-आजोबा येतात. त्यांना, वय सत्तरच्या पुढे असले तरी, याही दिवसांत परदेशी पाहुण्यांचा परवाना काढावा लागतो. तो एका दिवसाचाही मिळतो.

माफ होतो तो फक्त परवाना, नियम नव्हेत. प्रांताचे 20 मत्स्य विभाग आहेत आणि प्रत्येकाचे हंगाम वेगळे. घरी नेता येणाऱ्या माशांची संख्याही या दिवसांत कमी, म्हणजे संवर्धन परवान्याएवढीच (कमी मासे ठेवू देणाऱ्या परवान्याएवढी) असते. तिथल्या गोड्या पाण्यातल्या माशांपैकी बहुतेक विभागांत वॉलाय 4 ऐवजी 2, बास 6 ऐवजी 2, आणि मस्की एकही नाही.

बासच्या बाबतीत नवखी कुटुंबे हमखास फसतात. मे-जूनमध्ये हा मासा काठाजवळच्या उथळ पाण्यात अंडी घालतो. नर शेपटीने तळ साफ करून वाळू-खड्यांत गोल खळगा, म्हणजे घरटे, करतो आणि अंडी फुटून पिल्ले पांगेपर्यंत तिथून हलत नाही. जवळ येईल त्यावर तो झडप घालतो, त्यामुळे गळाला पटकन लागतो. त्याला वर काढले की काही मिनिटांत सनफिश आणि गोबी हे छोटे मासे घरट्यावर तुटून पडतात. म्हणून दक्षिणेकडच्या बहुतेक पाण्यांत मातृदिनाला बासचा हंगाम बंद असतो, आणि बंद हंगामात ‘धरून सोडून देऊ’ म्हणत त्याच्यामागे लागणेही बेकायदा आहे.

सुरुवातीला मुलांसाठी सनफिश आणि यलो पर्चच उत्तम. मोठ्या माशाची वाट पाहत तासन्‌तास बसवलेले मूल पुन्हा यायला तयार होत नाही. तळहाताएवढे चार-पाच मासे लागले की तेच मूल निघायचे नाव घेत नाही. बारीक गळ, त्याच्या टोकावरचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट केलेला, वर इवलेसे शिसे, लाल-पांढरा बोया आणि गांडुळाचा नखाएवढा तुकडा एवढे पुरते. अख्खे गांडूळ लावले तर सनफिश लोंबते टोक कुरतडून निघून जातो. मासा हातात घेण्याआधी हात ओले करावेत, नाहीतर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर निघून येतो. उघड्या (बर्फ नसलेल्या) पाण्यात साधारणपणे माणशी एकच दोरी चालते.

सामान विकत घ्यायची घाई नको. ‘टॅकलशेअर’ उपक्रमात काही ग्रंथालये आणि उद्याने गळकाठ्या उसन्या देतात, पुस्तकासारख्याच. टोरांटोच्या हाय पार्कमधले ग्रेनेडियर पॉन्ड आणि ब्रॅम्प्टनचे हार्ट लेक या काठावरून गरवण्याच्या सोयीच्या जागा आहेत. हार्ट लेकला प्रवेशशुल्क मात्र या दिवशीही पडते.

फेब्रुवारीतली मासेमारी बर्फावरची, टोरांटोकडच्यांसाठी मुख्यतः उत्तरेच्या लेक सिमको परिसरात. चालण्यासाठी निळसर, पारदर्शक बर्फ किमान 10 सेंमी हवा, घोळका असेल तर त्याहून जाड. पांढऱ्या बर्फाची ताकद साधारण निम्मी असते, आणि करड्या बर्फावर पाय ठेवू नये. लहान मुले बरोबर असतील तर स्थानिक जाणकाराशिवाय जाऊच नये.

मासा घरी नेऊन कालवण करायचे असेल तर प्रांत सरकारची मासे खाण्याविषयीची मार्गदर्शिका आधी पाहावी. पारा व इतर दूषितांच्या तपासणीवरून, कोणत्या तळ्यातला केवढा मासा महिन्यातून किती वेळा खावा हे त्यात दिलेले असते. लहान मुले आणि गरोदर स्त्रियांसाठीची मर्यादा वेगळी आहे. उरलेले जिवंत आमिष, बादलीतल्या पाण्यासकट, तळ्यात किंवा काठापासून 30 मीटरच्या आत ओतायला बंदी आहे.