वाइनच्या पिंपाला सागवान का नाही?

सातपुड्याच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसासाठी लाकूड म्हणजे सागवान. त्यामुळे नाशिकच्या एखाद्या वायनरीत ओकची पिंपं पाहिली की खान्देशी पाहुण्याला प्रश्न पडतोच, हे लाकूड फ्रान्स-अमेरिकेहून कशाला आणायचं? आपला साग काय वाईट?

वाईट मुळीच नाही. सागात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं असतात, म्हणून वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. पण मद्यार्क लाकडातली द्रव्यं ओढून घेतो, आणि जे वाळवीला नको ते वाइनमध्ये कोणाला हवंय?

पांढऱ्या ओकची गोष्ट वेगळी. खोडात पाणी वर नेणाऱ्या नळ्या असतात. गाभा पिकू लागला की शेजारच्या पेशी फुगून या नळ्यांत शिरतात आणि त्या बुजवून टाकतात. म्हणून पिंप गळत नाही. तांबड्या ओकच्या नळ्या मोकळ्याच राहतात, त्यामुळे तो या कामाचा नाही. गंमत म्हणजे, वाइन अडवणारं हे लाकूड हवेला मात्र पुरतं अडवत नाही. फळ्यांतून, सांध्यांतून प्राणवायू अगदी सावकाश आत येत राहतो. त्यामुळे लाल वाइनमधली टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्यं, आणि रंगद्रव्यं एकमेकांशी जोडली जातात. तुरटपणा मऊ होतो, रंग टिकतो. माझ्या मते पिंपाचं खरं काम हेच. वाइनला पिंपाचा जो वास लागतो, त्याचं कौतुक जरा जास्तच होतं.

तो वास येतो भाजण्यातून. पिंप तयार करताना ते आतून विस्तवावर शेकतात. लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन तुटून व्हॅनिलाच्या वासाचं व्हॅनिलिन तयार होतं आणि धुरकट वासाचं ग्वायकॉलही. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली की भरिताला जो धुराचा वास लागतो, त्यामागेही हेच लिग्निन. तीन-चार वेळा वाइन भरून झाली की पिंपाचा वास जवळपास संपतो.

भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात मात्र या पिंपाचं कठीण आहे. त्याला साधारण १२ ते १६ अंशांची, दमट खोली लागते. इथे पारा ४५ च्या आसपास आणि हवा कोरडी. अशा हवेत लाकडातून मद्यार्कापेक्षा पाणी लवकर उडतं, म्हणजे २२५ लिटरच्या पिंपातली वाइन कमी होते आणि उरलेली अधिक कडक. वरून भर घालत राहिलं नाही, तर रिकाम्या जागेतल्या हवेवर ॲसिटोबॅक्टर जिवाणू वाढतात आणि वाइनचं व्हिनेगर करून टाकतात.