टेक्सासमधील पदवीसाठी इतिहास व शासन विषयांची सक्ती

अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील सरकारी विद्यापीठातून पदवी घ्यायची, तर देशाच्या इतिहासाचे ६ आणि शासनव्यवस्थेचे ६ क्रेडिट मिळवावेच लागतात. राज्याच्या शिक्षण संहितेतील ५१.३०१ व ५१.३०२ या कलमांनी ही अट घातली आहे. विद्यार्थी पेट्रोलियम इंजिनिअरिंगचा असो वा संगीताचा, सुटका नाही; पुण्याहून थेट बी.एस.साठी गेलेल्याचीही नाही. (आपल्याकडून बहुतेक जण एम.एस.ला जातात, त्यांना ही अट लागू नाही.) राइस, बेलर यांसारखी खासगी विद्यापीठे कायद्याबाहेर आहेत.

इतिहासाचे सहसा दोन कोर्स असतात: १८७७ पर्यंतचा आणि त्यानंतरचा. यांपैकी ३ क्रेडिट टेक्सासच्या इतिहासाचे घेतले तरी चालतात.

खरी गंमत शासनाच्या कोर्समध्ये आहे. संघराज्याच्या संविधानाबरोबर टेक्सासचे संविधानही शिकवलेच पाहिजे, असे कायदा सांगतो. हे १८७६ चे संविधान यादवी युद्धानंतरच्या सरकारवरील रागातून लिहिले गेले. म्हणून त्यात गव्हर्नरचे हात बांधलेले, न्यायाधीशही मतदारांनी निवडायचे आणि विधिमंडळाचे नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, तेही फार तर १४० दिवसांचे. तपशील इतका, की कातडी व जनावरांच्या तपासनिसाच्या पदाचा उल्लेख काढून टाकायला २००७ मध्ये राज्यभर मतदान घ्यावे लागले. आजवर पाचशेहून अधिक दुरुस्त्या झाल्या आहेत. बाहेरच्या राज्यातून बदली होऊन आलेला विद्यार्थी नेमका इथेच अडकतो: संघराज्याचा भाग तो शिकून आलेला असतो, टेक्सासचा नसतो. अनेक जण हा कोर्स उन्हाळ्यात एखाद्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे जवळच्या छोट्या सरकारी महाविद्यालयात, उरकतात. अकरावी-बारावीत एपी (शाळेतच देता येणारी महाविद्यालयीन पातळीची) परीक्षा देऊन काही क्रेडिट आधीच पदरात पाडून घेण्याचीही सोय आहे.

कायदा क्रेडिट मोजतो, वर्गात काय शिकवायचे ते बव्हंशी प्राध्यापकांवर सोपवतो. वाद पेटतो तो त्यावरूनच. ऑस्टिनचे टेक्सास विद्यापीठ आणि टेक्सास ए अँड एम येथील इतिहासाच्या कोर्समध्ये वंश, वर्ग व लिंगभाव यांनाच जास्त जागा मिळते, अशी टीका नॅशनल असोसिएशन ऑफ स्कॉलर्स या संघटनेने २०१३ मध्ये केली. अनेक इतिहासकारांनी ती फेटाळली. अशी सक्ती जॉर्जिया, नेवाडा, कॅलिफोर्निया येथेही वेगवेगळ्या रूपांत आहे. फ्लोरिडाने २०२१ च्या कायद्याने नुसता कोर्स पुरेसा न मानता वेगळी परीक्षाही बंधनकारक केली.